विश्लेषण : व्हर्च्युअल मशीनमधली रिकामी मेमरी परत मिळवणे इतके महाग का?

विंडोज लॅपटॉपवर लिनक्स चालवणाऱ्या सॉफ्टवेअर अभियंत्यांना ‘व्हीएममेम’ हे नाव चांगलेच ओळखीचे आहे. एखादा मोठा प्रकल्प कंपाइल केला, काम संपले, लिनक्समधले सगळे प्रोग्रॅम बंद केले, तरी विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘व्हीएममेम’ नावाची प्रोसेस काही जीबी रॅम अडवून बसलेली दिसते. लिनक्सला विचारले तर ते सांगते, माझ्याकडे भरपूर मेमरी मोकळी आहे. विंडोजला विचारले तर ते सांगते, मेमरी संपत आली. गंमत म्हणजे दोघेही खरेच सांगत असतात. एका लॅपटॉपवर हा त्रास काही जीबींचा असतो. हजारो व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या डेटा सेंटरमध्ये तो थेट पैशांचा होतो, आणि २०२५ च्या अखेरीस एआय सर्व्हरच्या मागणीमुळे रॅमचे दर चढल्यापासून तर अधिकच. व्हर्च्युअल मशीनच्या आत कोणती मेमरी रिकामी आहे हे बाहेर कळवण्यात अडचण काय, त्याचा खर्च किती आणि तो शेवटी कोणाच्या माथी पडतो, याविषयी…

अडचण नेमकी काय आहे?

व्हर्च्युअल मशीन म्हणजे खऱ्या संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. खऱ्या संगणकाला होस्ट म्हणतात आणि आतल्याला गेस्ट. म्हणजे यजमान आणि पाहुणा. मेमरीचे वाटप साधारणपणे ४ केबीच्या तुकड्यांत होते. या तुकड्याला ‘पेज’ म्हणतात (कोकणातल्या पेजेशी संबंध नाही). १६ जीबी मेमरीच्या गेस्टमध्ये अशी ४१ लाख ९४ हजार ३०४ पेजेस असतात.

गेस्टला १६ जीबी ‘दिली’ असे आपण म्हणतो, तेव्हा होस्टने ती सगळी एकदम काढून दिलेली नसते. गेस्टने एखाद्या पेजला पहिल्यांदा हात लावला, की त्या क्षणी होस्ट खऱ्या रॅममधले एक पेज त्याच्या नावावर लावतो. इथपर्यंत व्यवहार काटकसरीचा आहे. पण पुढे तो एकतर्फी होतो. गेस्टमधला प्रोग्रॅम बंद झाला, की गेस्टचे लिनक्स ते पेज आपल्या ‘मोकळे’ यादीत टाकते आणि विषय संपवते. होस्टला ही यादी दिसत नाही. त्याच्या लेखी ते पेज अजूनही वापरात असते.

मंगल कार्यालयाचे उदाहरण घेऊ. व्यवस्थापकाने वधूपक्षाला तीन मजले दिले आणि किल्ल्यांचा जुडगा वधूच्या मामांकडे सोपवला. कोणती खोली कोणाला दिली, रात्रीच्या गाडीने कोण निघून गेले, हे मामांना माहीत असते. व्यवस्थापकाला फक्त एवढेच दिसते, की अमुक खोली एकदा उघडली गेली. दुसऱ्या कार्याचे पाहुणे दारात उभे राहिले, तरी वधूपक्षाच्या किती खोल्या रिकाम्या आहेत हे त्याला सांगता येत नाही. मामांना प्रत्येक खोलीसाठी खाली पाठवले तर मामा दिवसभर जिनाच चढत-उतरत राहतील.

हा जिना हाच या लेखाचा खरा विषय आहे. नोंद ठेवायला जागा फारशी लागत नाही. एका पेजला एक बिट या हिशेबाने १६ जीबीची पूर्ण वही ५१२ केबीत मावते. जागा स्वस्त आहे, वेळ महाग आहे.

फुग्याची युक्ती

या प्रश्नावरचा सर्वांत गाजलेला उपाय दोन दशकांपूर्वीचा आहे. व्हीएमवेअरचे कार्ल वाल्डस्पर्गर यांनी २००२ मध्ये ईएसएक्स सर्व्हरच्या मेमरी व्यवस्थापनावर शोधनिबंध सादर केला, त्यात ‘बलूनिंग’ ही पद्धत मांडली. गेस्टच्या आत होस्टचा एक छोटा ड्रायव्हर बसवायचा. होस्टला मेमरी हवी असली, की हा ड्रायव्हर गेस्टकडे सर्वसामान्य प्रोग्रॅमसारखी मेमरी मागतो. म्हणजे आत एक फुगा फुगतो. गेस्टने दिलेली पेजेस ड्रायव्हर स्वतः वापरत नाही, त्यांचे क्रमांक होस्टला कळवतो, आणि होस्ट ती काढून दुसऱ्याला देतो. वऱ्हाडात व्यवस्थापकाने आपलाच एक माणूस पाहुणा म्हणून घुसवावा, त्याने मामांकडून खोल्या मागून घ्याव्यात आणि किल्ल्या गुपचूप खाली पोहोचवाव्यात, असा हा प्रकार. गेस्टची ऑपरेटिंग सिस्टीम न बदलता हे साधते, म्हणून तो लोकप्रिय झाला. लिनक्समध्येही केव्हीएमसाठी ‘व्हर्टआयओ-बलून’ या नावाने तो गेली अनेक वर्षे आहे.

दोष दोन. पहिला, फुगा किती फुगवायचा हे बाहेरून ठरवावे लागते आणि ठरवणाऱ्याला आतले काही दिसत नाही. जास्त फुगला तर गेस्ट गुदमरतो, स्वॅप करू लागतो किंवा एखादा प्रोग्रॅमच मारून टाकतो. दुसरा, पारंपरिक फुगा एकेक ४ केबीचे पेज मोजून घेतो, त्यामुळे होस्टकडचे मोठे सलग तुकडे फुटतात. त्याचे दुखणे पुढे येईलच.

मग गेस्टनेच, न विचारता, ‘हे पेज मोकळे झाले’ असे सांगत राहावे, ही कल्पना ओघाने आली.

प्रत्येक पेज सुटले की सांगितले तर?

गेस्टकडून होस्टकडे जायचे म्हणजे प्रोसेसरला गेस्टचे काम थांबवून, त्याची स्थिती जपून, होस्टच्या कोडमध्ये उडी मारावी लागते आणि पुन्हा परत यावे लागते. याला ‘व्हीएम एक्झिट’ म्हणतात. आजच्या प्रोसेसरवरही या नुसत्या येण्याजाण्याला हजार ते दोन हजार क्लॉक सायकल लागतात. होस्टने काही काम केले तर ते वेगळे. उलट, लिनक्समध्ये पेज मोकळे करणे हे अत्यंत चपळ काम आहे. प्रत्येक प्रोसेसर कोअरकडे मोकळ्या पेजेसचा स्वतःचा छोटा साठा असतो. पेज तिथे ठेवले की बहुतेक वेळा काम संपते.

हिशेब करून पाहू. तीन गिगाहर्ट्झच्या कोअरवर दीड हजार सायकल म्हणजे अर्धा मायक्रोसेकंद. कंपायलर, वेब सर्व्हर अशी कामे मिळून गेस्टमध्ये सेकंदाला १० लाख पेजेस मोकळी होत असतील, तर केवळ निरोप पोहोचवण्यात दर सेकंदाला अर्धा सेकंद जाईल. म्हणजे अर्धा कोअर निव्वळ जिना चढण्या-उतरण्यात. आणि त्यातली बहुसंख्य पेजेस पुढच्या क्षणी गेस्टलाच परत हवी असतात.

आयबीएमच्या मेनफ्रेमवर मात्र हे वेगळ्या प्रकारे सोडवले आहे. तिथे पेजची स्थिती ‘न वापरलेले’ अशी नोंदवण्यासाठी प्रोसेसरमध्येच स्वतंत्र सूचना आहे. गेस्टने ती वापरली, की प्रत्येक वेळी होस्टकडे धावावे लागत नाही. हार्डवेअर अशा पेजेसची यादी साठवते आणि यादी भरली की एकदाच होस्टला जागे करते. इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरमध्ये अशी सोय नाही, म्हणून तिथे सगळी कसरत सॉफ्टवेअरला करावी लागते.

यादी करताना कुलूप कोणी धरायचे?

दुसरा मार्ग म्हणजे निरोप न पाठवता, गरज पडेल तेव्हा गेस्टची ‘मोकळे’ यादी वाचणे. सर्वांत मोठी गरज असते ती लाइव्ह मायग्रेशनच्या वेळी, म्हणजे चालू व्हर्च्युअल मशीन बंद न करता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवताना. १६ जीबीचे मशीन १० गिगाबिटच्या नेटवर्कवरून हलवायला साधारण १३ सेकंद लागतात. त्यातली १२ जीबी मोकळी असेल आणि ते आधी कळले, तर काम सव्वातीन सेकंदांवर येते. वाटेल, की मोकळ्या पेजमध्ये शून्येच असतील, ती पाठवायला काय लागते? तसे नसते. मोकळे झालेले पेज कोणी पुसत नाही. जुन्या प्रोग्रॅमचा कचरा त्यात तसाच असतो आणि होस्ट तो इमानेइतबारे दुसऱ्या सर्व्हरवर पोहोचवतो.

इंटेलच्या अभियंत्यांनी यासाठी जो प्रस्ताव मांडला, त्यात गेस्टच्या मोकळ्या पेजेसच्या याद्या थेट चाळायच्या होत्या. या याद्यांना एक कुलूप असते. एका कोअरने ते धरले की बाकीच्यांना थांबावे लागते. लाखो पेजेसची यादी चाळेपर्यंत कुलूप धरून ठेवले तर गेस्टमधले प्रत्येक काम अडखळणार. कुलूप सोडून चाळली तर यादी वाचता वाचता बदलणार. २०१८ च्या मध्यावर हा कोड लिनक्सच्या मुख्य शाखेत घ्यायची वेळ आली, तेव्हा लिनस टॉरवाल्ड्स यांनी तो घेण्यास नकार दिला. मेमरी व्यवस्थापनाचा गाभा एका ड्रायव्हरच्या सोयीसाठी असा उघडा करणे त्यांना मान्य नव्हते.

शेवटी जे स्वीकारले गेले ते फुग्याच्याच वळणावर. मायग्रेशन सुरू असेपर्यंत ड्रायव्हर मोकळे मोठे तुकडे रीतसर मागून स्वतःकडे ठेवतो, त्यांचे पत्ते होस्टला देतो आणि काम झाल्यावर परत करतो. मधल्या काळात गेस्टला मेमरी कमी पडली तर ताबडतोब सोडतो. २०१८ च्या अखेरीस हे लिनक्समध्ये आले. कुलपाचा प्रश्न सुटला. पण ही सोय मायग्रेशनपुरतीच होती. रोजच्या रोज रिकामी मेमरी परत करण्याचा प्रश्न तसाच राहिला.

२०२० चा तोडगा

त्यावर एकाच सुमारास दोन प्रयत्न सुरू होते. रेड हॅटचे नितेश नारायण लाल यांच्या प्रस्तावात वर सांगितलेली बिटांची वही होती. पेज मोकळे झाले की वहीत खूण करायची, थोड्या वेळाने वही वाचायची, खूण केलेले पेज अजून मोकळे आहे का ते पडताळायचे आणि मग होस्टला कळवायचे. वही लहान असली तरी तिच्या अडचणी होत्या. मेमरीच्या पत्त्यांमध्ये मध्येच पोकळ जागा असतात, चालू मशीनमध्ये मेमरी वाढवता येते, या सगळ्यांची सांगड वहीशी घालावी लागते. शिवाय खूण आणि वाचन यांच्यात पेज कोणीतरी उचललेले असू शकते.

दुसरा प्रस्ताव इंटेलचे अलेक्झांडर ड्यूक यांचा. ‘फ्री पेज रिपोर्टिंग’ या नावाने तो सतराव्या आवृत्तीपर्यंत सुधारत गेला आणि मे २०२० च्या अखेरीस आलेल्या लिनक्स ५.७ मध्ये दाखल झाला. एवढ्या आवृत्त्या का लागल्या, तर पेज देण्या-घेण्याचा कोड हा लिनक्समधला सर्वांत गजबजलेला रस्ता आहे. त्यावर एक जादा ‘जर-तर’ बसवला तरी त्याची किंमत जगातला प्रत्येक लिनक्स संगणक मोजतो, मग तो व्हर्च्युअल मशीन असो वा नसो. मेमरी विभागाच्या देखभालकर्त्यांची अट साधी होती, ज्याला ही सोय नको त्याला तिचा भुर्दंडही नको.

मला या कोडमधली काटकसर फार आवडते. वेगळी वहीच नाही. प्रत्येक पेजसोबत लिनक्स आधीच जी माहिती बाळगते, त्यातला एक बिट मोकळ्या पेजसाठी वापरात नसतो. तोच ‘कळवले आहे’ या खुणेसाठी घेतला. सोय बंद असेल तर तपासणीची सूचना चालू कोडमधून जवळपास पुसलीच जाते. चालू असेल तरी लहानसहान पेजकडे ती बघत नाही. लिनक्स शेजारशेजारची मोकळी पेजेस जोडून दुप्पट-चौपट मोठे तुकडे करत जाते. असा तुकडा २ एमबीचा, म्हणजे ५१२ पेजेसचा झाला, तरच दखल घेतली जाते. आणि दखल म्हणजे काय, तर दोन सेकंदांनी एक काम लावून ठेवायचे. दोन सेकंदांत तुकडा पुन्हा वापरात गेला तर काहीच करायचे नाही.

ते काम सुरू झाले की एका वेळी ३२ तुकडे यादीतून बाजूला काढले जातात. हे करतानाच तेवढे कुलूप धरायचे, मग सोडायचे. ३२ तुकडे म्हणजे ६४ एमबी, एका निरोपात. होस्टने ‘झाले’ म्हटले की तुकडे यादीत परत, पण खूण करून आणि शेपटाकडे. म्हणजे गेस्टला पुढच्या वेळी मेमरी लागली तर आधी न कळवलेले, ताजे तुकडे वापरले जावेत. एका फेरीत सगळी यादी संपवायची नाही, साधारण सोळावा हिस्साच घ्यायचा. त्यामुळे मोकळी झालेली मेमरी होस्टकडे पूर्ण पोहोचायला अर्धा मिनिट जाते. मंगल कार्यालयाच्या भाषेत सांगायचे, तर मामा आता पूर्ण मजला रिकामा झाल्याशिवाय खाली येत नाहीत, आले तरी बऱ्याच किल्ल्या एकदम आणतात, आणि घाई तर मुळीच करत नाहीत.

मग खर्च गेला कुठे?

नोंद ठेवण्याचा खर्च असा जवळजवळ नाहीसा झाला. पण सोय चालू केल्यावर मशीन काही कामांत मंदावते ते मंदावतेच. चाचण्यांतून दिसले ते हे, की उरलेला खर्च मोजणीचा नाही, दिलेली मेमरी पुन्हा मागण्याचा आहे.

होस्टला तुकडा कळवला, की होस्ट तो आपल्या नकाशातून काढतो आणि खरी रॅम दुसऱ्या कोणाला देतो. काही वेळाने गेस्टने तोच तुकडा वापरायला घेतला तर तिथे काहीच नसते. प्रोसेसर अडतो, व्हीएम एक्झिट होतो, होस्ट नवे पेज शोधतो, ते पूर्ण शून्यांनी पुसतो, नकाशात लावतो आणि मग गेस्ट पुढे सरकतो. पुसणे टाळता येत नाही. त्यात आधी दुसऱ्या ग्राहकाचा डेटा असू शकतो, कोणाचा पासवर्डसुद्धा. खोली दुसऱ्याला द्यायची तर चादरी बदलाव्याच लागतात.

आता ढोबळ आकडे. सेकंदाला १० जीबी वेगाने पुसले तर २ एमबीच्या तुकड्याला सुमारे २०० मायक्रोसेकंद लागतात. होस्टने तो तुकडा एकसंध दिला तर एका अडखळण्यात काम होते. पण होस्टवर मोठ्या पेजेसची सोय बंद असेल तर तोच तुकडा ५१२ वेळा अडखळत भरावा लागतो. प्रत्येक अडखळण्याला एक-दोन मायक्रोसेकंद धरले तर अर्धा ते एक मिलिसेकंद. एक जीबी मेमरी परत मिळवायला पहिल्या प्रकारात एक दशांश सेकंद, दुसऱ्यात पाव ते अर्धा सेकंद. डेटाबेसला हा काळ फार मोठा आहे.

त्यात आणखी एक हास्यास्पद वाटावा असा भाग आहे. होस्टने पुसून दिलेले पेज गेस्टचे लिनक्स आपल्या प्रोग्रॅमला देण्याआधी पुन्हा एकदा पुसते. समोरचे पेज होस्टने आत्ताच पुसलेले आहे की आपलाच जुना कचरा आहे, हे ते वेगळे तपासत नाही. एकच फरशी दोनदा.

मोठे तुकडे अखंड ठेवण्याचा आग्रह का, हेही इथे कळते. गेस्टमधला पत्ता खऱ्या रॅमच्या पत्त्यात बदलताना प्रोसेसरला दोन नकाशे वाचावे लागतात, गेस्टचा आणि होस्टचा. दोन्ही नकाशे चार-चार पातळ्यांचे असतील, तर ४ केबीच्या पेजसाठी सर्वांत वाईट परिस्थितीत एका पत्त्यामागे मेमरीच्या २४ फेऱ्या होतात. दोन्हीकडे २ एमबीची पेजेस असतील तर १५. फुगा किंवा दुसरी कोणतीही पद्धत चार-चार केबी कुरतडत मेमरी काढू लागली, की होस्टची मोठी पेजेस फुटतात आणि उरलेल्या मेमरीचा वापरही मंदावतो. ज्याने काही परत मागितले नाही, त्यालाही दंड.

म्हणून रिपोर्टिंग कोणाला परवडते, हे कामाच्या स्वरूपावर ठरते. सकाळी धावपळ आणि रात्री शुकशुकाट असलेल्या सर्व्हरला ते वरदान आहे. दर पाच-दहा सेकंदांनी दोन जीबी घेऊन टाकून देणाऱ्या, उदाहरणार्थ एकामागून एक बिल्ड चालवणाऱ्या मशीनला मात्र तेच डोकेदुखी ठरू शकते, कारण दोन सेकंदांची उसंत त्या लयीला पुरत नाही.

लॅपटॉपवरची मेमरी तरीही का अडकते?

सुरुवातीच्या व्हीएममेमकडे येऊ. विंडोजमधल्या लिनक्ससाठी, म्हणजे डब्ल्यूएसएल-२ साठी, मायक्रोसॉफ्टने मेमरी परत करण्याची सोय ऑक्टोबर २०१९ मध्येच चाचणी आवृत्तीत आणली होती. तरीही तक्रारी थांबल्या नाहीत. कारणे दोन आहेत.

एक म्हणजे विखुरलेपणा. २ एमबीच्या तुकड्यातल्या ५१२ पेजेसपैकी एकच वापरात असेल तरी अख्खा तुकडा परत करता येत नाही. मजल्यावरच्या सगळ्या खोल्या रिकाम्या, पण एका खोलीत आजोबा झोपलेले. मशीन जितका वेळ चालू राहील तितके असे आजोबा सर्वत्र पसरतात. त्यांना हलवून एका बाजूला आणण्याची सोय लिनक्समध्ये आहे, पण पेज हलवणे म्हणजे कॉपी करणे, आणि त्याला प्रोसेसर लागतो. म्हणून डब्ल्यूएसएल ही आवराआवर प्रोसेसर मोकळा असतानाच करते.

या बाबतीत एआरएम प्रोसेसरवरच्या काही लिनक्सची गत तर विचित्र होती. तिथे मूळ पेज ६४ केबीचे ठेवले तर ‘मोठा तुकडा’ ५१२ एमबीचा होतो. इतका सलग मोकळा तुकडा चालत्या मशीनमध्ये मिळणे दुरापास्त, म्हणजे सोय असून नसल्यासारखी. २०२१ मध्ये तुकड्याचा किमान आकार वेगळा ठरवण्याची मुभा दिल्यावर तो प्रश्न सुटला.

दुसरे कारण अधिक मोठे आहे. आपल्याला जी मेमरी ‘रिकामी’ वाटते ती लिनक्सच्या लेखी रिकामी नसते. डिस्कवरून वाचलेली प्रत्येक फाइल लिनक्स उरलेल्या रॅममध्ये साठवून ठेवते, पुन्हा लागली तर डिस्ककडे जावे लागू नये म्हणून. स्वतंत्र संगणकावर हे शहाणपणाचे आहे. व्हर्च्युअल मशीनमध्ये मात्र हा साठा शेजाऱ्याच्या जागेवर वाढत राहतो, आणि तो ‘मोकळे’ यादीत नसल्याने रिपोर्टिंग त्याला हातही लावत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने यासाठी प्रायोगिक सेटिंग दिले. मशीन निवांत असताना हा साठा हळूहळू किंवा एकदम सोडून द्यायचा. त्याचीही किंमत आहेच, पुढचा बिल्ड फाइली पुन्हा डिस्कवरून वाचतो. ज्यांना हे सगळे नको, त्यांच्यासाठी डब्ल्यूएसएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये मेमरीची वरची मर्यादा घालण्याचा साधा मार्ग आहे. मर्यादा घातली नाही तर लॅपटॉपच्या रॅमपैकी निम्म्यापर्यंत मजल जाऊ शकते. आठ जीबीच्या लॅपटॉपवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने तरी ही मर्यादा आधी घालावी, असे माझे मत आहे.

क्लाउडवर हे कोणाला लागू?

मोठ्या क्लाउड कंपन्यांच्या बहुतेक नेहमीच्या मशीनमध्ये मेमरी ग्राहकासाठी राखीव असते. तुम्ही १६ जीबीचे पैसे दिलेत, रिकामी ठेवलीत तरी ती तुमचीच. तिथे रिपोर्टिंगचा प्रश्न येत नाही. स्वस्त श्रेणीत चित्र वेगळे आहे. गूगलने २०१९ च्या अखेरीस आणलेल्या आणि मुंबई विभागातही मिळणाऱ्या ‘ई-२’ मशीनमध्ये बलून ड्रायव्हर असतो आणि गेस्टची न वापरलेली मेमरी त्याच्या मार्फत होस्टकडे जाते. दर कमी ठेवण्यामागे हेही एक कारण आहे.

ग्राफिक्स कार्ड किंवा नेटवर्क कार्ड थेट गेस्टच्या हवाली केलेले असेल तर पुन्हा अडचण. असे कार्ड होस्टला न विचारता गेस्टच्या मेमरीत लिहिते, त्यामुळे सगळी पेजेस जागच्या जागी खिळवून ठेवावी लागतात. परत घेण्याचा मार्गच बंद होतो. एआयची कामे चालवणारी बरीच मशीन नेमकी याच प्रकारची असतात, म्हणजे मेमरीची चणचण जिथून सुरू झाली तिथेच हा उपाय चालत नाही.

आणि धोका? होस्टने परत आलेली मेमरी दुसऱ्याला देऊन टाकली आणि सगळ्या गेस्टना एकाच वेळी आपापली मेमरी हवी झाली, तर होस्टला डिस्कवर स्वॅप करावे लागते किंवा एखादे मशीनच बंद करावे लागते. मायक्रोसेकंदांचा हिशेब मग निरर्थक ठरतो. रिपोर्टिंगमुळे मेमरी उधार देता येते, पण किती उधारी झेपेल हे कर्नल ठरवत नाही, कंपनी ठरवते.

पुढे काय?

रिपोर्टिंगच्या पाठोपाठ, २०२० मध्येच, लिनक्समध्ये ‘व्हर्टआयओ-मेम’ आले. त्यात चालू गेस्टची मेमरी ठरावीक आकाराच्या ठोकळ्यांत कमी-जास्त करता येते. फुग्यापेक्षा ते शिस्तबद्ध आहे, पण ठोकळा काढण्याआधी त्यातली वापरातली पेजेस हलवावी लागतात.

जर्मनीतल्या हॅनोव्हर विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगळ्या टोकाने सुरुवात केली. २०२३ मध्ये त्यांनी कुलूप न लागणारा पेज-वाटपकर्ता मांडला. मोकळ्या पेजेसची माहिती त्यात इतकी आटोपशीर आहे, की अनेक कोअर एकाच वेळी ती बदलू शकतात. २०२५ च्या युरोसिस परिषदेत त्यांनी पुढची पायरी दाखवली, ‘हायपरअलॉक’. त्यात गेस्टची ही यादी होस्टला थेट वाचता येते आणि मोठा तुकडा उचलायचा असेल तर होस्ट स्वतःच त्यावर खूण करतो. गेस्टला थांबवण्याची किंवा निरोप पाठवण्याची गरज उरत नाही. किल्ल्यांचा फळा मामा आणि व्यवस्थापक या दोघांनाही दिसेल अशा ठिकाणी टांगला आहे. मात्र त्यासाठी गेस्टच्या लिनक्समधला मूळ वाटपकर्ताच बदलावा लागतो, म्हणजे तोच गजबजलेला रस्ता, जिथे २०२० मध्ये एका बिटासाठी सतरा आवृत्त्या लागल्या होत्या.